डॉर्कस टिन्सलेची शनिवारची भाकरी

कोर्टाच्या मागच्या अंगणात दोन पुरुष भांडत होते आणि डॉर्कस टिन्सले टोपलीत गरम भाकरी घेऊन भिंतीच्या कोपऱ्याशी थांबली होती. दुसऱ्याचं भांडण ऐकू नये, असं तिला आईनं शिकवलं होतं. भाकरी गार होऊ देऊ नये, हेही आईनंच शिकवलं होतं, आणि वाट नेमकी भांडणाऱ्यांच्या अंगावरून जात होती. पुढे जावं की मागे फिरावं ते ठरेना, आणि ठरेपर्यंत तिनं सगळं ऐकून घेतलं.

एक होता जेलर ऑबडाया क्रम्प, कोठडीच्या बाहेर. दुसरा तिचा थोरला भाऊ लेम्युएल, खिडकीच्या गजांच्या आत.

"सही कर आणि जा बाबा घरी," क्रम्प म्हणत होता. "वर्षभर प्रवचन करणार नाही, एवढंच लिहून द्यायचंय. वर्ष काय, बघता बघता जातं."

"मग तूच कर सही. तू तरी कुठे प्रवचन करतोस?"

"थट्टा नको, लेम्युएल. गेल्या रविवारी तुझं ऐकायला साठ माणसं आली. उभी कुठे राहिली? माझ्या कोबीत. सात गड्डे राहिलेत आता. बायको विचारते, कैदेत तो आहे की आपण?"

"मी कुणाला बोलावलं नाही."

"पण गप्पही बसत नाहीस. तुला कोंडलं ते तुझं तोंड बंद व्हावं म्हणून. झालं काय, तुला फुकटात प्रार्थनाघर मिळालं आणि माझी बाग गेली."

"मग सोड मला."

"सही कर, लगेच सोडतो."

"ते नाही जमायचं."

क्रम्पनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर आपटली आणि वळला, तर समोर डॉर्कस. "ही बघ, दुसरी आली," तो म्हणाला. "काय आहे टोपलीत?"

"मक्याची भाकरी. राखेत भाजलेली. आणि ताक."

नियमाप्रमाणे बाहेरचं अन्न दुपारपर्यंत तपासायला ठेवून घ्यायचं होतं. क्रम्पनं फडकं उचललं, वाफ बघितली, फडकं परत टाकलं. "दे गरम आहे तोवर," एवढं म्हणून तो उरलेले गड्डे मोजायला गेला.

ही सतराशे चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं आणि चर्चही राजाचंच. त्या चर्चचा परवाना नसेल तर प्रवचन करायची मनाई होती. लेम्युएलचा धंदा तंबाखूची पिंपं बनवायचा. परवाना त्याच्याकडे नव्हता आणि तो मागायचाही नव्हता. तो ज्या बाप्टिस्ट पंथाचा, त्या मंडळींचं म्हणणं असं, की देवाबद्दल बोलायला शेरीफला विचारायचं कारण काय. डॉर्कस तेव्हा चोवीस वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं, पुढेही केलं नाही. घरात माग होता, त्यावर ती लोकांचं कापड विणून द्यायची. भाऊ आत गेल्यापासून दर शनिवारी पाच मैल चालून ती त्याच्यासाठी आठवड्याची भाकरी आणायची.

लेम्युएलला आवाज असा होता, की नदीच्या या काठाला बोलला तर पलीकडची गुरं मान वर करायची. म्हणून तर कोबीत गर्दी. मग एका रविवारी खिडकीखाली कुणीतरी निखाऱ्यांवर वाळक्या मिरच्या टाकल्या. बाहेरचे लोक खोकत पांगले. आतल्या माणसाला पांगायला जागा नव्हती. धूर रात्रीपर्यंत कोठडीत कोंडून राहिला. त्यावर ओल्या भिंतींचा ताप आला, तो तीन आठवडे उतरला नाही. पुढे राजाशी लढाईची भाषा सुरू झाली, प्रवचनकारांकडे बघायला कुणाला सवड उरली नाही, आणि पाच महिन्यांनी लेम्युएलला सहीविना सोडून दिलं. तो बाहेर आला, आवाज आला नाही. कानाशी तोंड आणलं तर ऐकू यावं, इतपत कुजबुज तेवढी उरली.

तो परत पिंपं बनवू लागला. प्रवचनं दुसरे करू लागले.

सुटकेनंतरच्या पहिल्या शनिवारी डॉर्कसनं सवयीनं जास्तीचं पीठ मळलं. मळून झाल्यावर लक्षात आलं. आता या भाकऱ्यांचं काय करायचं? तिनं टोपली भरली आणि गेली तुरुंगात. आत एक घोडाचोर होता. त्यानं भाकरी घेतली, खाल्ली, आणि मीठ कमी आहे म्हणाला. पुढच्या शनिवारी तिनं मीठ बेतानं वाढवलं.

असं करता करता लढाई झाली, राजा गेला, व्हर्जिनिया स्वतःच्या पायावर उभी राहिली. धर्माच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती करायची नाही, असा कायदाही राज्यानं केला. बाप्टिस्ट मंडळींना वाटलं, सुटलो. तेवढ्यात बातमी आली, की तेरा राज्यांच्या वर एक नवं सरकार बसणार आहे. त्याची घटना लिहून तयार आहे. आणि तिच्यात माणसाच्या धर्माबद्दल, बोलण्याबद्दल, कुणाच्याही हक्काबद्दल अशी यादीच नाही.

तिथून डॉर्कसची झोप उडाली. आपल्या राज्याचा कायदा खाली आणि हे सरकार वर. वरच्यानं उद्या पुन्हा परवाने काढले तर? तिला फार काही नको होतं. प्रार्थना केली म्हणून त्या खिडकीमागे पुन्हा कुणी जाणार नाही, एवढं कुठेतरी लिहिलेलं हवं होतं. आणि लेम्युएल हयात असताना हवं होतं. ओल्या दिवसांत त्याला धाप लागायला लागली होती.

रिचमंडला सभा भरायची होती. घटना घ्यायची की नाकारायची ते तिथं ठरणार. परगण्यातून जायच्या दोघांपैकी एक जागा जुन्या कर्नलसाहेबांची, त्यावर वादच नव्हता. दुसऱ्या जागेसाठी दोघे उभे. कॅप्टन पेटस म्हणायचे, हक्क लिहून येत नाहीत तोवर घटना नाकारा. वकील थॉर्नटन गार्नेट म्हणायचे, आधी घटना घेऊ, मग बघू. सतराशे अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीतल्या एका रविवारी प्रार्थना सुटल्यावर दोघेही बाप्टिस्टांच्या प्रार्थनाघराच्या ओसरीवर आले. या मंडळींची मतं जिकडे, निवडणूक तिकडे, हे दोघांना कळत होतं.

गार्नेट शिकलेला, नम्र माणूस. तो म्हणाला, "यादी करण्यात धोका आहे. डॉर्कसबाई, समजा तुम्ही तुमच्या पेटीतल्या कपड्यांची यादी केली आणि एक झगा लिहायचा राहिला. चोर म्हणेल, हा यादीत नाही, म्हणजे तुमचा नाही."

बायका मागच्या बाकावर होत्या. बायकांनी अशा वेळी बोलावं असा रिवाज नव्हता, पण त्यानं नाव घेऊन विचारलं होतं.

"वकीलसाहेब," डॉर्कस म्हणाली, "यादी वाचत बसणाऱ्या चोराची मला भीती नाही. मला भीती आहे ती ज्याच्याकडे पेटीची किल्ली असते त्याची. त्याच्यापुढे धरायला यादी लागते."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. गार्नेट हसला नाही. "हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "बरं. मग मी तुमच्यासमोर शब्द देतो. मी घटनेच्या बाजूनं मत देणार, कारण तिच्याशिवाय तेरा राज्यं तेरा वाटांनी जातील. पण हक्कांची कलमं घातलीच पाहिजेत, अशी लेखी मागणी त्याच सभेत करवून घेईन."

"शब्द वाऱ्यावर जातो," कॅप्टन पेटस म्हणाले. "गाय विकत घेताना आधी दात बघता की आधी घरी नेता?"

डॉर्कसला कॅप्टनचं पटलं. घरी जाताना तिनं लेम्युएलला तसं सांगितलं. त्यानं फक्त ऐकून घेतलं. तसा तो क्वचितच बोलायचा.

मार्चमध्ये मतदानाचा दिवस आला तो बर्फ घेऊन. लेम्युएलच्या नावावर बापाची साठ एकर जमीन होती, म्हणून त्याला मत होतं. डॉर्कसला नव्हतं, पण गाडी तीच हाकत होती.

मत द्यायची रीत अशी. कोर्टाच्या खोलीत टेबलामागे शेरीफ बसायचा, शेजारी कारकून, आणि उमेदवारही तिथेच समोर. एकेक मतदार पुढे यायचा आणि कुणाला मत ते मोठ्यानं बोलून दाखवायचा. कारकून लिहायचा, आणि ज्याला मत मिळालं तो उमेदवार उठून, वाकून आभार मानायचा. खोलीत अडीच-तीनशे माणसं, दारात रमचं पिंप, एक जण ढोल बडवतोय, कुत्री पायांत. प्रत्येक मताला आरडाओरडा. बायका बाहेर खिडक्यांशी शाली घेऊन उभ्या. दुपारपर्यंत दोघांच्या मतांत चारपाचाचाच फरक होता.

"लेम्युएल टिन्सले," दारात नावं पुकारणाऱ्यानं हाक दिली. हा पुकारणारा म्हणजे ऑबडाया क्रम्पच. जेलरकी त्यानं सोडली होती, गुडघे गेले होते, आवाज मात्र शाबूत.

लेम्युएल पुढे गेला, टेबलावर वाकला, बोलला. शेरीफनं कान पुढे केला. "काय?"

लेम्युएल पुन्हा बोलला.

"ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला."

मग लेम्युएलनं खिशातून कागदाचा तुकडा काढून पुढे ठेवला. घरून लिहून आणला होता. शेरीफनं तो न वाचताच बोटानं मागे सरकवला. "कागद चालत नाही, टिन्सले. तोंडानं सांगायचं, आणि उमेदवारांना, कारकुनाला ऐकू गेलं पाहिजे. नाहीतर पुढच्याला येऊ द्या."

"त्याला बोलताच येत नाही," खिडकीतून डॉर्कस म्हणाली.

"बाई, तुम्ही बाहेर आहात."

"तोही पाच महिने आत होता म्हणूनच असं झालंय. प्रवचन केलं म्हणून याच इमारतीनं त्याला कोंडलं, इथंच आवाज ठेवून आला, आणि आता इथलेच म्हणता आवाज दाखव."

शेरीफ नवा होता, त्याला यातलं ठाऊक नव्हतं. तो अवघडला, पण नियम नियमच. "पुढचा," तो म्हणाला.

"पुढचा नाही," क्रम्प म्हणाला.

दाराजवळून तो लंगडत आत आला. ढोलवाल्याच्या हातातून काठ्या काढून घेतल्या. रमच्या पिंपाची तोटी बंद केली, त्यावर लोक ओरडले. "ओरडून घ्या आधी," तो म्हणाला. "झालं? आता ऐका. हा माणूस मत सांगतोय. कायद्यात मोठ्यानं बोला असं नाही, ऐकू गेलं पाहिजे असं आहे. ऐकू जात नाही ते तुमच्या गोंगाटानं. कुत्री बाहेर काढा. खोकला असेल त्यानं बाहेर जाऊन खोकावं. जॉशुआ, पाय घासू नकोस."

अडीचशे माणसं गप्प करणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. आधी पुढच्या रांगा थांबल्या, मग मागच्या, मग दारातल्या. छपरावरून वितळलेलं बर्फ टपकत होतं, ते ऐकू यायला लागलं. खिडकीशी डॉर्कसनं श्वास धरला होता. तिच्या शेजारच्या बाईनं तान्ह्याच्या तोंडात बोट दिलं.

लेम्युएल बोलला. डॉर्कसपर्यंत काही आलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की कारकुनाची लेखणी कागदावर चालली, आणि टेबलाच्या बाजूनं थॉर्नटन गार्नेट उठला. तो नेहमीपेक्षा खाली वाकला. "आभारी आहे, मिस्टर टिन्सले. हे मत मी विसरणार नाही," तो म्हणाला, आणि तेही हळूच, कारण खोली अजून गप्पच होती.

डॉर्कसला ज्याला मत जायला हवं होतं तो कॅप्टन पेटस बसूनच राहिला.

गाडी जुंपताना क्रम्प तिच्याजवळ आला. घोड्याचा पट्टा ओढत उभा राहिला, पट्टा आधीच घट्ट होता. "त्या मिरच्या," तो म्हणाला. "मीच टाकल्या होत्या. गर्दी जावी म्हणून. एवढं होईल वाटलं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्याच रविवारपासून. इतक्या जहाल मिरच्या परगण्यात तुमच्याच परसात व्हायच्या."

"चौदा वर्षं? आणि दर शनिवारी माझ्याशी सरळ बोलत होतीस?"

"बोलत होते तेव्हा बरं वाटायचं असं समजू नका," डॉर्कस म्हणाली. "पहिलं वर्ष तर तुमचं तोंड बघवत नव्हतं. पण भाकरी गरम असताना आत जाऊ द्यायचात. तेही खरं होतं, हेही खरं. आणि आजचं तिसरं. आजच्याबद्दल तुमचे उपकार आहेत, ऑबडायाकाका."

इतक्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा काका म्हटलं. म्हातारा टोपी ओढून निघून गेला.

घरच्या वाटेवर मात्र तिनं भावाला सोडलं नाही. "एवढी खोली तुझ्यासाठी गप्प केली, आणि मत कुणाला दिलंस, तर लिहून न देणाऱ्याला?"

लेम्युएलनं लगाम धरून गाडी थांबवली, नाहीतर चाकांच्या आवाजात त्याचं बोलणं बुडालं असतं. तो तिच्या कानाशी वाकला. "माझ्याकडून गप्प बसायचा शब्द मागितला होता. तो मी दिला नाही, कारण दिला असता तर पाळावा लागला असता. या माणसानं शब्द दिलाय, तोही तुझं ऐकून. पाळतो की नाही बघू."

"आणि नाही पाळला तर?"

"तर तू आहेस की. त्याला कुठे गप्प बसू देणार आहेस?"

गार्नेट निवडून आला, सहा मतांनी. उन्हाळ्यात रिचमंडला त्यानं घटनेच्या बाजूनं मत दिलं. सभेनं हक्कांची लांबलचक मागणी लिहून वर पाठवली, ती पाठवणाऱ्यांत तो होता. पण मागणी म्हणजे कायदा नव्हे. डॉर्कस वाट बघू लागली. नव्या सरकारनं कलमं तयार केली, ती राज्याराज्यांत फिरू लागली, आणि आपल्याच व्हर्जिनियानं त्यांवर दोन वर्षं घोळ घातला. कुणी म्हणे फार थोडी आहेत, कुणी म्हणे कशाला हवीत. गार्नेट रस्त्यात दिसला की डॉर्कस विचारायची, "काय वकीलसाहेब, आलं का लिहून?" तो म्हणायचा, "येतंय, बाई." शेवटी शेवटी तो तिला बघून कोर्टाच्या मागच्या वाटेनं जायला लागला, तर तीही त्याच वाटेनं, कारण तुरुंग तिकडेच होता.

लेम्युएलची धाप वाढत होती. तो आता पिंपं बनवत नव्हता, बसून फळ्या तासायचा.

सतराशे ब्याण्णवच्या जानेवारीत गार्नेट स्वतः प्रार्थनाघरी आला. हातात वर्तमानपत्र. या वेळी त्यानं ओसरीवर न थांबता सरळ आत येऊन वाचलं. पहिल्याच कलमात होतं, की सरकार कुठला धर्म सरकारी करणारा कायदा करणार नाही, की कुणाला आपला धर्म पाळायला बंदी करणार नाही. मग बोलायचं, छापायचं, जमायचं, गाऱ्हाणं मांडायचं. आणि एक नववं कलम, की इथं काही हक्क लिहिले म्हणून न लिहिलेले गेले असं समजू नये.

"हा तुमचा झगा, वकीलसाहेब," डॉर्कस म्हणाली.

"माझाच," तो हसला. "आणि बाकीची यादी तुमची."

"पहिलं पुन्हा वाचा."

त्यानं वाचलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"पाच महिने आणि एक आवाज, आणि ते सगळं एका वाक्यात बसलं," ती म्हणाली. पण रागानं नाही. तिनं भावाकडे बघितलं. लेम्युएल डोळे मिटून बसला होता. त्याचे ओठ हलत होते, म्हणजे तो वाक्य पाठ करत होता. तिनं गार्नेटला घरी जेवायला नेलं, डुकराचं खारवलेलं मांस आणि सफरचंदं वाढली, आणि जाताना त्याच्या घोड्यालाही एक सफरचंद दिलं.

त्याआधी, प्रार्थनाघरातून बाहेर पडताना, मागच्या बाकावरचा आयशॅम थांबला होता. तो एका जमीनदाराच्या मालकीचा गुलाम, वीस वर्षं त्यांच्याच प्रार्थनाघरात यायचा. "बाई," त्यानं विचारलं, "त्यात लोकांचे हक्क असं म्हणाले. लोक म्हणजे कोण ते लिहिलंय का?"

"मी विचारीन," ती म्हणाली. तिनं गार्नेटला विचारलंही. त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते त्याला आयशॅमपुढे बोलवेना, आणि डॉर्कसलाही ते आयशॅमपर्यंत नेववेना. ती गोष्ट तिला आयुष्यभर बोचली. त्या दिवसाचा आनंद खरा होता, आणि सगळ्यांना पुरला नाही, हेही खरं होतं.

लेम्युएल त्यानंतर चार वर्षं जगला. त्याला पुरताना त्याच्या बाजूनं बोलायला बरेच जण होते, आणि कुणीही परवाना दाखवला नाही.

लोक डॉर्कसला म्हणायचे, आता कुठलाच प्रवचनकार आत जायचा नाही, तू कशाला पाय झिजवतेस? ती म्हणायची, भूक लागते ती काय कलम बघून लागते का? दर शनिवारी जेलरला ती पहिल्यांदा विचारायची, आत कोण आहे आणि कशासाठी. दारू, मारामारी, घोडा, कोंबड्या, पळून गेलेले गुलाम. ऐकून घ्यायची, आणि जे उत्तर पूर्वी ऐकावं लागायचं ते आलं नाही म्हणून मनात एकदा देवाचे आभार मानून टोपली उघडायची.

अठराशे वीसच्या ऑक्टोबरात ती सत्तर वर्षांची होती. त्या शनिवारी तिनं पहाटे पीठ मळलं, राखेत भाजलं, फडक्यात बांधलं. पाच मैल चालायला आता निम्मा दिवस जायचा, म्हणून एका गाडीवाल्यानं तिला अर्ध्या वाटेवर घेतलं. तो मंगळवारी पुन्हा तिच्या दारावरून गेला, तेव्हा ती वारलेली होती.

"आत कोण आहे आणि कशासाठी?" त्या शनिवारी तुरुंगाच्या दारात तिनं विचारलं.

"एक बाई," जेलर म्हणाला. "व्हायनी नाव सांगते. दोन परगणे पलीकडून पळालीय. मालक सोमवारी येतोय."

डॉर्कस गजांशी गेली. आत विशीतली मुलगी भिंतीला टेकून बसली होती, पायाला फडकं गुंडाळलेलं, त्यावर रक्त. डॉर्कसनं भाकरी मोडून गजांतून दिली, सगळी एकदम नाही, कारण उपाशी पोटाला एकदम बाधते. व्हायनीनं पहिला तुकडा घेतला, मग दुसरा. डॉर्कस दगडावर बसून राहिली, तिचं खाऊन होईपर्यंत, नेहमीसारखी. मग आपल्या डोक्याचं सुती फडकं सोडून पायाला बांधायला आत दिलं, आणि ताकाचं मडकं पुढे सरकवलं.

"पाणी संपलंय हिचं," जाताना ती जेलरला म्हणाली. "भरून द्या. आणि उद्याची भाकरी कोपऱ्यात ठेवलीय, ती तपासायला नेऊ नका."

रिकामी टोपली कोपरात अडकवून ती बोडक्या डोक्यानं घरच्या वाटेला लागली.